वेव्हलेट, पूर्णांक आणि मोडीचे तीन रुमाल: डीकोड केल्यावर पिक्सेल का सरकतोय?

बोरू_आणि_टाक | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

शनिवार पेठेतलं आमचं घर पुनर्विकासाला गेलं तेव्हा माळ्यावरून एक ट्रंक खाली आली. आत मोडी कागदांचे तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. जाडसर हातकागद, बोरूनं लिहिलेलं, घड्यांवर पार विरलेलं. महिनाभर बसून चौदाशेच्या आसपास पानं स्कॅन केली. ३०० डीपीआय, ग्रे. एक पान २४९६ गुणिले ३५२०, म्हणजे कच्ची फाइल ८.८ एमबी आणि सगळं मिळून बारा जीबी. बारा जीबी आजकाल पेनड्राइव्हमध्ये मावतात हे मला माहीत आहे, ते सांगायला कृपया कुणी येऊ नका. निवृत्त माणूस आहे, वेळ आहे आणि गणिताची खाज आहे. म्हणून कॉम्प्रेशन स्वतः लिहायला घेतलं.

पद्धत अशी: पूर्णांकी ५/३ वेव्हलेट (शेजारच्या पिक्सेलवरून अंदाज करायचा आणि फरक साठवायचा), पाच पातळ्या (उरलेल्या लहान चित्रावर पुन्हा तेच), आणि शेवटी निघालेले सगळे आकडे, म्हणजे गुणांक, झेडलिब या तयार कॉम्प्रेशन लायब्ररीनं आवळायचे. लॉसलेसच हवं. मूळ स्कॅन आणि उलगडलेलं चित्र यांचा एमडी५ (एक बिट बदलला तरी बदलणारी ओळखखूण) जुळला पाहिजे, एवढीच अट. एन्कोडर मी पायथनमध्ये लिहिला. पानं पटापट उघडावीत म्हणून डीकोडर आणि व्ह्यूअर भाच्यानं सी++ मध्ये लिहून दिला.

आता दुखणं. चित्र डोळ्यांना झकास दिसतं, एमडी५ मात्र जुळत नाही. दोन्हींची वजाबाकी केली तेव्हा हे दिसलं:

– एकच पातळी केली तर फरक एखाद-दोनचा. पाच पातळ्या केल्या की सहा-सातपर्यंत जातो.
– बहुतेक ठिकाणी उलगडलेलं चित्र मूळपेक्षा गडद, उजळ क्वचितच.
– स्कॅनरच्या कडेची निव्वळ काळी पट्टी अगदी बरोबर. तिथे एकही पिक्सेल चुकत नाही.

माझा एन्कोडर आणि माझाच पायथनमधला डीकोडर जोडीनं चालवला तर सगळं तंतोतंत. भाच्याचा एन्कोडर आणि भाच्याचा डीकोडर, तेही तंतोतंत. त्यामुळे घरात सध्या दोघंही आपापल्या जागी बरोबर आहोत आणि जेवताना विषय काढायचा नाही असं बायकोनं बजावलंय.

---

सदाशिवपेठी_पाटी | सोमवार, रात्री ११:३२

एवढा खटाटोप कशाला? ओपनजेपेग, म्हणजे जेपेग २००० या चित्र-प्रकाराची तयार लायब्ररी, फुकट मिळते, त्यात हेच ५/३ आहे आणि जगभर तपासलेलं आहे. चाक गोल असतं हा शोध पूर्वीच लागलाय.

---

बोरू_आणि_टाक | सोमवार, रात्री ११:३५

वरची ‘खाज’ वाचली नाहीत वाटतं.

---

नवशिक्या_कोथरूड | मंगळवार, सकाळी ८:०५

मूलभूत शंका आहे, हसू नका. पूर्णांकात काम करायचं म्हणजे दर वेळी भागाकाराचा ०.५ टाकून द्यायचा. मग जे टाकलं ते परत येणार कुठून? लॉसलेस होतंच कसं?

आणि नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) ८ बिटी अनसाइन्ड प्रकार तर वापरला नाही ना? मागे मी त्यात डोकं आपटलं होतं.

---

उजवी_शिफ्ट | मंगळवार, दुपारी १:५०

@नवशिक्या, यात हसण्यासारखं काही नाही. सगळं याच प्रश्नात आहे.

५/३ ज्या पायऱ्यांनी करतात त्या लिफ्टिंगमध्ये मूळ पिक्सेलचा अपूर्णांक कधीच कापला जात नाही, फक्त अंदाजाचा कापला जातो. ओळीतले पिक्सेल एकाआड एक वेगळे करा, सम आणि विषम. प्रत्येक विषम पिक्सेलचा अंदाज त्याच्या दोन सम शेजाऱ्यांच्या सरासरीवरून करा, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्या, आणि प्रत्यक्ष किमतीतून तो अंदाज वजा करा. उरतो तो ‘तपशील’. सम पिक्सेलना अजून हात लागलेला नाही. म्हणून उलगडणारा तोच अंदाज पुन्हा काढू शकतो आणि तपशिलात मिळवू शकतो. दुसऱ्या पायरीत शेजारचे दोन तपशील आणि २ यांची बेरीज करून तिला ४ नं भागायचं, पुन्हा खालचा पूर्णांक, आणि तो सम पिक्सेलमध्ये मिळवायचा. या पायरीत तपशिलांना हात लागत नाही, त्यामुळे हीसुद्धा उलटी फिरवता येते.

अंदाज कितीही बेंगरूळ असला तरी चालतो. पंचांगात बघून केलात तरी चालेल. अट एवढीच की दोन्हीकडे पंचांग एकच हवं. एकीकडे दाते आणि दुसरीकडे टिळक पंचांग असलं की गणपती वेगवेगळ्या दिवशी बसतात. तुमच्या घरात नेमकं तेच झालंय अशी मला दाट शंका आहे.

बोरूकाका, एखाद्या ओळीतले आठ पिक्सेल द्या. अक्षराच्या फराट्यावरचे हवेत, कोऱ्या कागदावरचे नकोत.

अवांतर: ८ बिटी अनसाइन्डमध्ये २०० + २०१ = १४५ होतात, कारण २५५ च्या पुढे आकडा गुंडाळला जातो. गंमत म्हणजे दोन्हीकडे सारखाच गुंडाळला तर लिफ्टिंग तरीही अचूक उलटतं! अंदाज भलताच येतो, तपशील मोठे होतात, फाइल फुगते, पण एमडी५ जुळतो. म्हणजे ती चूक एमडी५ नं कधीच सापडत नाही, फाइलच्या आकारावरून सापडते.

---

बोरू_आणि_टाक | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मी ३२ बिटी साइन्ड वापरलंय, ते बघितलं.

हे घ्या आठ पिक्सेल, ‘श्री’च्या उभ्या दांड्यावरून आडवे:

२०० २०२ २०१ ९० ४० ९५ १९८ २०३

---

उजवी_शिफ्ट | मंगळवार, रात्री ९:४५

झकास. कागद-पेन्सिल घेऊन बसले होते, तेच इथे उतरवते.

सम जागेवरचे: २००, २०१, ४०, १९८. विषम जागेवरचे: २०२, ९०, ९५, २०३.

तपशील:
२०२ – (२०० + २०१)/२. सरासरी २००.५, घेतले २००. उरले २
९० – (२०१ + ४०)/२. सरासरी १२०.५, घेतले १२०. उरले –३०
९५ – (४० + १९८)/२ = ९५ – ११९. उरले –२४
२०३ – शेवटी उजवीकडे शेजारी नाही, म्हणून आरशासारखा डावीकडचा १९८ च पुन्हा धरायचा. उरले ५

आता सम पिक्सेलची दुरुस्ती:
(२ + २ + २)/४ = १.५, घेतला १. २०० + १ = २०१ (डाव्या टोकालाही आरसा)
(२ – ३० + २)/४ = –६.५, घेतले –७. २०१ – ७ = १९४
(–३० – २४ + २)/४ = –१३ बरोब्बर. ४० – १३ = २७
(–२४ + ५ + २)/४ = –४.२५, घेतले –५. १९८ – ५ = १९३

फाइलमध्ये गेलं: २०१ १९४ २७ १९३ आणि २ –३० –२४ ५.

इथपर्यंत तुमचं पायथन. पायथनमध्ये दोन तिरप्या रेघांचा पूर्णांकी भागाकार नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो, म्हणजे –६.५ चे –७. सी आणि सी++ मधला साधा भागाकार शून्याकडे जातो, तिथे –६.५ चे –६ होतात. धन संख्यांना दोन्हीत काडीचा फरक नाही, म्हणून चाचणीत कुणाच्या लक्षात येत नाही.

आता हीच फाइल भाच्याच्या पद्धतीनं उलगडू:

२०१ – १ = २००. बरोबर.
१९४ + ६ = २००. हवे होते २०१.
२७ + १३ = ४०. बरोबर.
१९३ + ४ = १९७. हवे होते १९८.

आणि या चुकलेल्या समांवरून विषम काढले की:

मूळ:   २०० २०२ २०१ ९० ४० ९५ १९८ २०३
मिळालं: २०० २०२ २०० ९० ४० ९४ १९७ २०२

आठातले चार चुकले, चारही एकानं कमी. म्हणून तुमचं चित्र गडद होतंय. शून्याकडे झुकणारा भागाकार ऋण संख्येला खालच्या पूर्णांकापेक्षा मोठं उत्तर देतो आणि ते वजा होतं, त्यामुळे सम पिक्सेल घसरला तर खालीच घसरतो. वरच्या पातळीतली चूक खालच्या पातळीला पाया म्हणून मिळते, म्हणून पाच पातळ्यांत ती साचत जाते. (पानावर आडवं-उभं दोन्ही होतं, तपशिलांच्या ओळींवरही हाच प्रयोग होतो, तेव्हा क्वचित उजळही येईल.) काळ्या पट्टीत सगळे तपशील शून्य, ऋण संख्येचा संबंधच नाही, म्हणून ती निर्दोष.

उपाय: सी++ मध्ये भागाकाराऐवजी उजवीकडे शिफ्ट वापरा, २ साठी एक घर, ४ साठी दोन घरं. ऋण संख्येच्या उजव्या शिफ्टचं काय व्हावं हे जुन्या प्रमाणात कंपायलरवर सोडलं होतं. सी++२० पासून चिन्ह राखूनच शिफ्ट होईल असं ठरलं, आणि नेहमीचे कंपायलर आधीपासून तसंच करत आले आहेत.

---

सदाशिवपेठी_पाटी | मंगळवार, रात्री १०:०२

म्हणजे चूक कुणाचीच नाही. पुण्यात असा निकाल प्रथमच ऐकला.

---

आकाशदर्शी | मंगळवार, रात्री १०:४०

वाखुसा (वाचनखूण साठवली). उजवीताई, दंडवत.

खगोलवाल्यांच्या घरातली थोडी भर. आकाशाच्या जुन्या काचेच्या प्लेटा स्कॅन करून जो डिजिटाइझ्ड स्काय सर्व्हे झाला, तो १९९० च्या दशकात शंभरावर सीडींवर वाटला गेला तो एचकॉम्प्रेस नावाच्या पद्धतीनं आवळून. त्यातही पूर्णांकी वेव्हलेटच आहे, पण सगळ्यात साधं, हारचं. २ गुणिले २ च्या चौकोनातल्या चार पिक्सेलची बेरीज आणि तीन फरक, मग बेरजांवर पुन्हा तेच. गुणांक जसेच्या तसे ठेवले तर लॉसलेस, बारीक गुणांक झटकून टाकले तर लॉसी. सीडींसाठी अर्थातच झटकले होते. खगोलवाल्यांच्या फिट्स या फाइल-प्रकारात हा पर्याय अजूनही आहे.

काका, हार का नाही घेतलंत? दोन पिक्सेलचाच हिशेब, कडेला आरसाबिरसा काही लागत नाही.

---

बोरू_आणि_टाक | मंगळवार, रात्री ११:१५

घेतलं होतं आधी. पण माझे कागद घडीचे आहेत. घडीपाशी कागद उचललेला असतो, तिथे सावली हळूहळू गडद होत जाते: २००, १९८, १९६, १९४ अशी. हारमध्ये प्रत्येक जोडीला –२ चा तपशील उरतो. ५/३ मध्ये मधल्याचा अंदाज दोन्ही शेजाऱ्यांवरून, (२०० + १९६)/२ = १९८, तपशील शून्य. सरळ उतार असेल तर ५/३ तो गिळूनच टाकतं. पानाच्या निम्म्या भागात असल्या सावल्याच आहेत, शाई कमी. माझ्या पानांवर तरी फाइल हारपेक्षा स्पष्ट लहान आली.

---

उजवी_शिफ्ट | मंगळवार, रात्री ११:३०

अगदी. आणि हे ५/३ तसं जुनं. ली गॉल आणि तबताबाई यांनी १९८८ मध्ये मांडलं, तेव्हा फिल्टर म्हणूनच. विम स्वेल्डेन्स यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात लिफ्टिंगची मांडणी केली. मग काल्डरबँक, इन्ग्रिड दोबेशी, स्वेल्डेन्स आणि यिओ या चौघांनी १९९८ च्या निबंधात दाखवलं की लिफ्टिंगच्या पायऱ्यांत मोडता येणारं कुठलंही वेव्हलेट पूर्णांकातून पूर्णांकात नेता येतं. जेपेग २००० नं लॉसलेससाठी हे ५/३ घेतलं आणि लॉसीसाठी दशांशाच्या लांबलचक शेपट्यांचं ९/७. एफबीआयचे बोटांचे ठसे ९/७ मध्येच आवळले जातात. सिनेमागृहात प्रोजेक्टरकडे येतो तो डिजिटल चित्रपटही ९/७ वाला जेपेग २०००.

---

सदाशिवपेठी_पाटी | मंगळवार, रात्री ११:४४

आणि आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमधला तुमचा पासपोर्टवाल्यासारखा दिसणारा फोटो. तोही जेपेग २०००. ब्राउझरनं हाकलून दिलेलं पोरगं सरकारी नोकरीत चिकटलं.

---

बोरू_आणि_टाक | बुधवार, रात्री ९:३०

भाच्यानं शिफ्ट घातली. एका ओळीवर चालवलं तर तंतोतंत, आठ पिक्सेलवरही आणि पानाच्या पूर्ण रुंदीवरही. मी पेढे आणायला निघालो होतो.

पण पूर्ण पान चालवलं तर अजूनही जागोजागी फरक! आता बारीक आहे, आणि आता एकतर्फी नाही, काही ठिकाणी १ नं कमी, काही ठिकाणी १ नं जास्त. पंचांग आता एकच आहे. मग हे काय?

---

उजवी_शिफ्ट | बुधवार, रात्री ९:५२

आधी आडवं करता की उभं? आणि उलगडताना?

---

बोरू_आणि_टाक | बुधवार, रात्री १०:०५

मी आवळताना आधी ओळी, मग स्तंभ. भाचाही आधी ओळी, मग स्तंभ. म्हणजे जुळतंय की.

---

उजवी_शिफ्ट | बुधवार, रात्री १०:२०

तेच तर जुळायला नको! पायमोजे आधी घातले आणि बूट नंतर, तर काढताना बूट आधी. पुस्तकात वाचून फसायला होतं, कारण अपूर्णांकातलं वेव्हलेट रेषीय असतं, तिथे आडवं-उभं कुठल्याही क्रमानं केलं तरी उत्तर तेच. पूर्णांकात खालचा पूर्णांक घेतला की ती रेषीयता जाते.

छोटंसं उदाहरण, नुसत्या सरासरीचं:

२०० २०१
२०२ २०१

आधी ओळी: पहिलीची सरासरी २००.५, घेतले २००. दुसरीची २०१.५, घेतले २०१. दोन्हींची २००.५, म्हणजे २००.
आधी स्तंभ: पहिला २०१, दुसरा २०१. दोन्हींची २०१.

तेच चार पिक्सेल, तीच सरासरी, क्रम बदलला की उत्तर वेगळं. म्हणून जेपेग २००० च्या प्रमाणात क्रमही नेमून दिलाय: आवळताना आधी उभं मग आडवं, उलगडताना आधी आडवं मग उभं. तुम्ही कुठलाही क्रम धरा, पण भाच्याला सांगा की प्रत्येक पातळीवर आधी स्तंभ, मग ओळी.

---

नवशिक्या_कोथरूड | बुधवार, रात्री १०:४१

पण मग भाच्याचा एन्कोडर आणि भाच्याचा डीकोडर जोडीनं बरोबर कसे चालत होते?

---

भाचा_नं_१ | गुरुवार, रात्री १२:३०

मीच तो भाचा. मामांनी दुवा पाठवला आणि सोबत बुटाचं चित्र.

माझ्या एन्कोडरमध्ये आधी स्तंभ, मग ओळी असं होतं, म्हणून माझी जोडी जुळत होती. मामांची फाइल कुठल्या क्रमानं येते हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दोघांनीही कुठे लिहून ठेवलं नव्हतं. आता फाइलच्या शीर्षात तीन गोष्टी घालतोय: पातळ्यांची संख्या, क्रम आणि मूळ पिक्सेलचा एमडी५, म्हणजे व्ह्यूअर उघडतानाच ओरडेल.

भागाकाराबद्दल: मी दोन्हीकडे शून्याकडचाच ठेवला असता तरी लॉसलेस झालंच असतं ना? मग मामांचंच प्रमाण का मानायचं?

---

उजवी_शिफ्ट | गुरुवार, सकाळी ९:१५

झालंच असतं. दोन कारणं तरी आहेत. पहिलं, जेपेग २००० चं ५/३ खालच्या पूर्णांकाचंच आहे, उद्या तुमचे गुणांक त्याच्याशी ताडून बघायचे झाले तर सोपं. दुसरं, शिफ्ट ही एकच सूचना आहे. शून्याकडच्या भागाकाराला कंपायलर ऋण संख्येसाठी आधी एक दुरुस्ती जोडतो, मग शिफ्ट करतो.

तिसरं कारण मामा हेच आहे, पण ते तांत्रिक नाही.

---

सदाशिवपेठी_पाटी | गुरुवार, सकाळी ११:००

एवढं सगळं लॉसलेससाठी. मोडी वाचायला ते लागतं का? थोडं लॉसी केलं तर फाइल पाव होईल आणि अक्षर तेच दिसेल.

---

बोरू_आणि_टाक | गुरुवार, दुपारी ४:१०

मलाही आधी तसंच वाटायचं. करून बघितलं. तपशिलातले ±४ च्या आतले आकडे शून्य केले, फाइल खरंच खूप लहान झाली. ठसठशीत अक्षराला काही झालं नाही. पण एका रुमालातली शाई इतकी उडालीय की कागद २०० आणि अक्षर १९२ च्या आसपास, तेही कड विरघळलेलं. मोडी धावती लिपी, हात न उचलता लिहिलेली. दोन अक्षरांना जोडणारी बारीक ओढ कुठे सुरू होते त्यावरून अक्षर ठरतं. तपशील झटकल्यावर ती ओढ कागदाच्या पोतात मिसळून गेली. कॉन्ट्रास्ट ताणून वाचायची सोय त्या ७-८ छटांतच आहे, आणि नेमक्या त्याच आपण टाकून देतो.

वाचनासाठी लॉसी प्रती वेगळ्या करेन. ट्रंकेतला कागद मात्र दर पावसाळ्यात थोडा थोडा जातोय, त्याची प्रत लॉसलेसच.

---

भाचा_नं_१ | शुक्रवार, रात्री ११:५०

निकाल: क्रम उलटा केला, चौदाशेपैकी बाराशेवर पानं चालवून झाली, सगळ्यांचे एमडी५ जुळले, फक्त नऊ पानं सोडून. ती नऊ मामांनी हातानं कातरलेली आहेत, त्यांची उंची विषम आहे, ३४७१ वगैरे. फरक फक्त तळाच्या काही ओळींत.

कडेचा आरसा मी नेहमी शेवटचा पिक्सेल विषम जागेवर आहे असं धरून लिहिला होता. लांबी विषम असली की शेवटचा पिक्सेल सम जागेवर येतो, मग अंदाजाच्या पायरीला आरसा लागतच नाही, दुरुस्तीच्या पायरीला लागतो. उजवीताईंच्या उदाहरणात आठ पिक्सेल होते, म्हणून ही फट तिथे दिसली नाही. दुरुस्त केलंय. उरलेली पानं उद्या, आज दिवसभर लाइट नव्हती.

---

उजवी_शिफ्ट | शनिवार, सकाळी ७:४०

१ पिक्सेल रुंदीचं चित्रही एकदा चालवून बघा. त्यात तपशील एकही नसतो, आणि तिथे हमखास आपटतं.

---

भाचा_नं_१ | शनिवार, सकाळी ८:०२

आपटलं.